रक्तातल्या कर्कपेशी ओळखायच्या कशा? दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

१८६९ मध्ये मेलबर्नचे डॉ. थॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने दगावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. नंतर १९५०-६० च्या दशकांत अनेक प्रयोगशाळांनी अशा पेशी सापडल्याचे जाहीर केले. पण फेरतपासणीत त्यांतल्या बऱ्याच पेशी मेगॅकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) किंवा साध्या पांढऱ्या पेशी निघाल्या. नुसत्या रूपावर विसंबल्याचा हा परिणाम.

अडचण मुळात प्रमाणाची आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५ अब्ज तांबड्या आणि काही दशलक्ष पांढऱ्या पेशी असतात, तर कर्कपेशी जेमतेम एखाद-दुसरी. म्हणून आधी इतर पेशी वेगळ्या काढायला हव्यात. १.०७७ ग्रॅम प्रति मिलि घनतेच्या फायकॉल या द्रवावर रक्त अलगद सोडून सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवले की तांबड्या पेशी तळाला जातात आणि कर्कपेशी पांढऱ्यांबरोबर मधल्या थरात राहतात. रक्त ओतताना हात हलला की थर मिसळतात. दुसरी वाट ८ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्याची: बहुतेक पांढऱ्या पेशी दबून पार होतात, पण लहान कर्कपेशीही निसटतात आणि काही मोठ्या पांढऱ्या पेशी अडकून बसतात.

१९९१ पासून आरटी-पीसीआर आले, म्हणजे पेशीतल्या आरएनएच्या असंख्य प्रती करून कर्कपेशीची खूण शोधण्याचे तंत्र. संवेदनक्षमता वाढली, पण पेशी फोडावी लागत असल्याने मोजणीही गेली आणि रूप पाहण्याची सोयही.

खरे वळण २००४ चे. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) अशा पेशी मोजणाऱ्या सेलसर्च प्रणालीला मेटास्टॅटिक (शरीरात पसरलेल्या) स्तनकर्करोगासाठी मान्यता दिली. यात ७.५ मिलि रक्तातल्या कर्कपेशी, त्यांच्या पृष्ठभागावरचे एपकॅम हे प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे लावलेल्या लोहकणांना चिकटवून चुंबकाने ओढतात. मग नियम कडक: डीएपीआय या रंगाने केंद्रक दिसले पाहिजे, सायटोकेरॅटिन ८, १८, १९ (एपिथेलियल म्हणजे आवरणाच्या पेशींतली प्रथिने) साठी पॉझिटिव्ह, सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) निगेटिव्ह आणि आकार किमान ४ मायक्रॉन. त्याच वर्षीच्या १७७ रुग्णांच्या अभ्यासात ५ किंवा अधिक पेशी आढळलेल्यांचे आयुर्मान कमी भरले. आतड्याच्या कर्करोगात ही रेषा ३ वर आहे.

रक्त काढतानाच एक चूक शिरू शकते. सुईबरोबर त्वचेच्या एपिथेलियल पेशी येतात आणि त्याही सायटोकेरॅटिन दाखवतात. म्हणून पहिली नळी या चाचणीसाठी वापरू नये. प्रिझर्वेटिव्ह असलेल्या नळीत नमुना खोलीच्या तापमानाला ९६ तास टिकतो, पण पेशी मरतात. जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर ही नळी बाद.

एपकॅमची मर्यादाही लवकरच कळली: पसरताना काही पेशी हे प्रथिन गमावतात आणि चुंबकाला सापडतच नाहीत. २००७ मध्ये बॉस्टनमध्ये सुमारे ७८,००० सूक्ष्म खांबांची चिप तयार झाली, पण खांबांवरही एपकॅमचीच प्रतिपिंडे होती! त्याच गटाच्या २०१३ च्या चिपमध्ये उलटा मार्गही होता: पांढऱ्या पेशींना लोहकण लावून त्यांनाच वेगळे काढायचे. २०२२ मध्ये एफडीएने मान्य केलेली पार्सोर्टिक्स प्रणाली प्रतिपिंडांशिवाय, आकार आणि लवचिकतेवर पेशी पकडते.

मोजणीवरून उपचार बदलावेत का? २०१४ च्या एस०५०० या रुग्णांवरील चाचणीत, केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिलेल्या रुग्णांचे औषध लगेच बदलून पाहिले. आयुर्मान वाढले नाही. त्यानंतर भर मोजणीवरून पकडलेल्या पेशींची जनुके आणि प्रथिने वाचण्याकडे सरकला.