आरोग्यसेवेतील सॉफ्टवेअरची वापरकर्ताकेंद्री पुनर्रचना

रुग्णालयांतील सॉफ्टवेअरच्या स्क्रीन डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि रुग्ण यांच्या प्रत्यक्ष कामाप्रमाणे नव्याने घडवण्याची पद्धत. रंग किंवा बटणांची जागा बदलणे हा तिचा अगदी लहान भाग. कोणती माहिती कोणाला, कोणत्या क्षणी लागते, हा तिचा मूळ प्रश्न आहे.

या क्षेत्रातला सर्वांत कटू धडा थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून घातक प्रमाणात किरणोत्सर्ग मिळाला. काहींचा मृत्यू झाला. मूळ दोष प्रोग्राममध्ये होता आणि आधीच्या यंत्रांतली यांत्रिक सुरक्षाव्यवस्थाही काढलेली होती. पण काही अपघातांत स्क्रीनवर उमटले ते फक्त 'मालफंक्शन ५४', म्हणजे 'बिघाड ५४'. त्याचा उलगडा चालकाच्या पुस्तिकेत नव्हता, आणि एक कळ दाबली की उपचार पुढे चालू होई. किरकोळ बिघाडांचे संदेश वारंवार येत असल्याने ती कळ दाबणे चालकांच्या अंगवळणी पडले होते. अशा वेळी चालकाला दोष देणे अन्यायाचे आहे.

औषधे संगणकावर लिहिण्याच्या एका प्रणालीचा अमेरिकेतील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकांना वाव देणारे २२ प्रकार त्यात नोंदवले गेले. एकाच रुग्णाची सगळी औषधे पाहायला कधी २० स्क्रीन उघडाव्या लागत. इशाऱ्यांचा भडिमार हाही जुना दोष आहे. २००६ च्या एका आढाव्यानुसार औषधसुरक्षेचे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले जात होते.

म्हणून पुनर्रचनेची सुरुवात वॉर्डात होते. काम मध्येच किती वेळा तुटते, मॉनिटरला कोणत्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, कोणती नोंद आधी कागदावर होऊन मग संगणकात जाते, हे पाहिले जाते. चिठ्ठी जिथे चिकटवलेली असते, तिथे बहुधा स्क्रीन कमी पडलेली असते. मग कच्चे नमुने करून खऱ्या वापरकर्त्यांकडून ते नेहमीच्या कामांवर तपासून घेतात. या प्रक्रियेसाठी आयएसओ ९२४१-२१० आणि वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३६६-१ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत.

सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नाही. सॉफ्टवेअर निवडतो एक आणि रात्रपाळीत वापरतो दुसराच, त्यामुळे खरेदीच्या वेळी वापरसुलभतेचा विचार मागे पडतो. शिवाय बदलही जोखमीचा असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी असलेले बटण हलवले की सवयीचा हात चुकीच्या ठिकाणी पडतो. त्यामुळे नवी मांडणी टप्प्याटप्प्याने आणतात आणि सुरुवातीच्या काळात चुकांवर वेगळी नजर ठेवतात.