130 टन ओढणारा ट्रक 4 टनांच्या बोटीला का कमी पडतो?

ऑक्टोबर 2012 मध्ये लॉस एंजेलिसला एका पिकअप ट्रकने ‘एंडेव्हर’ हे अवकाशयान फ्रीवेवरच्या पुलावरून ओढत पलीकडे नेलं. यान आणि त्याखालची चाकांची गाडी मिळून वजन सुमारे 130 टन. ट्रक होता टोयोटा टुंड्रा. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याची टोइंग क्षमता, म्हणजे मागे ओढता येणारं वजन, मात्र साडेचार टनांच्या आसपास छापलेली होती. पुढे 2017 मध्ये पॅरिसच्या विमानतळावर पोर्शे कायेनने 285 टनांचं एअरबस ए-380 विमान 42 मीटर ओढलं. 2019 मध्ये फोर्डने विजेवर चालणाऱ्या पिकअपला रेल्वेचे दहा डबे जोडले. तेही साडेचारशे टनांच्या वर गेले.

हे व्हिडिओ अजूनही मोबाइलवर फिरत असतात आणि त्यातून एक समज पक्का होतो: इंजिन दणकट असलं की मागे काहीही लावा. अमेरिकेत तळ्याकाठी किंवा समुद्राजवळ राहणारी माणसं मोठी बोट घेतात (त्यांत आता मराठी माणसंही दिसतात), तेव्हा ट्रक निवडताना पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचाच असतो. माझ्या मते तो बराच नंतरचा प्रश्न आहे.

आधी त्या जाहिरातींचा हिशोब करू. सपाट रस्त्यावर रबरी चाकांची गाडी हळूहळू सरकवायला तिच्या वजनाच्या साधारण 1 टक्का बळ पुरतं. म्हणजे 130 टनांसाठी सव्वा-दीड टन. रुळांवरच्या पोलादी चाकांना तर याच्या पाचवा-सहावा हिस्सा बळ लागतं. अडीच टनांच्या ट्रकचे टायर कोरड्या रस्त्यावर एवढा जोर सहज लावू शकतात. त्यामुळे या प्रात्यक्षिकांत खोटं काही नाही. फक्त त्यांचा हायवेशी संबंध नाही. सेकंदाला 1 मीटर, म्हणजे चालण्याच्या वेगाने सरकणाऱ्या 130 टनांत गतिज ऊर्जा असते सुमारे 65 किलोज्यूल. ताशी 100 किलोमीटरने जाणारा ट्रक आणि बोट मिळून 7 टन धरले, तर त्यांची ऊर्जा होते सुमारे 2,700 किलोज्यूल. चाळीस पट! ओढणं सोपं असतं. ओढलेली वस्तू सरळ ठेवणं आणि थांबवणं, खरं काम ते.

आता बोट घेऊ. 26 फुटांची, केबिन असलेली, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं. माहितीपत्रकात ‘कोरडं वजन’ 2,500 किलो छापलेलं असतं आणि बहुतेक जण तोच आकडा धरून चालतात. त्यात अनेकदा इंजिनंसुद्धा नसतात. दोन इंजिनांचे 460 किलो. टाकीत 450 लिटर पेट्रोल म्हणजे 330 किलो. पिण्याचं पाणी, बॅटऱ्या, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं यांचे सव्वादोनशे. आणि खुद्द ट्रेलरचे, म्हणजे बोट ठेवायच्या चाकांच्या गाडीचे, पावणेआठशे-आठशे. बेरीज 4,300 किलोंच्या घरात जाते. छापील आकड्याच्या पावणेदोन पट!

आजचा साधा पिकअप, ज्याला तिकडे हाफ-टन म्हणतात, योग्य पॅकेज घेतलं तर कागदावर याहून जास्त ओढतो. तरी तो कमी पडतो, आणि तो कुठे कमी पडतो हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन या ट्रकवर ठेवायचं, तो आकडा म्हणजे पेलोड. सुखसोयींनी भरलेल्या चार दारांच्या पिकअपला तो 750 किलोंच्या आसपास असू शकतो. ट्रेलर आपल्या वजनाचा काही भाग हिचच्या, म्हणजे ट्रकच्या शेपटीला ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, गोळ्यावर टेकवतो. आपल्या बोटीसाठी हा उभा भार 420 किलो धरा. का, ते पुढे येईलच. त्यात पाच माणसांचे पावणेचारशे, हिच, बर्फाची पेटी आणि हत्यारांचे ऐंशी मिळवा. झाले 875. टोइंग क्षमता शिल्लक असताना पेलोड संपला. शिवाय हा भार मागच्या आसाच्याही मागे, मीटर-सव्वा मीटरवर पडतो. त्यामुळे मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सैल पडते.

पण हिचवर भार हवाच कशाला? ट्रेलर आपल्या चाकांवर तोलून उभा केला, हिचवर शून्य भार ठेवला, तर ट्रकला बरं नाही का? हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. त्याचं उत्तर थोडं सविस्तर देतो.

ट्रेलर हिचभोवती आडवा फिरू शकतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून मोठा कंटेनर गेला, की त्याची शेपटी जरा बाजूला सरकते. ट्रेलरचे टायर तिला परत ओळीत आणतात. पण परत येताना ती मधल्या रेषेवर थांबत नाही, पलीकडे जाते. म्हणजे ट्रेलर हा एक दोलक आहे. प्रत्येक दोलकाबाबत विचारायचा प्रश्न एकच: दोलनं शमतात की वाढतात?

शमवण्याचं काम टायर करतात. शेपटी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने बाजूला जात असेल आणि गाडी ताशी 50 किलोमीटरने पुढे जात असेल, तर टायरची दिशा आणि त्याच्या प्रत्यक्ष जाण्याची दिशा यांत सुमारे 2 अंशांचा फरक पडतो. टायर या तिरकेपणाला विरोध करतो, आणि दोलन शमवणारं बळ, म्हणजे अवमंदन, त्यातूनच येतं. आता वेग ताशी 100 करा. शेपटीची हालचाल तीच, पण कोन उरतो 1 अंश. अवमंदन निम्मं झालं. ट्रेलरला ओळीत परत ओढणारं बळ मात्र वेग वाढला म्हणून कमी होत नाही. म्हणून जोर तोच, लगाम सैल, अशी स्थिती येते. आपल्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक लावून ट्रॅक्टर जातात आणि डोलत का होईना पोचतात, यामागे कमी वेगाचा मोठा वाटा आहे. त्याच ट्रॉल्या ताशी 90 ने ओढायचा विचारही करू नये.

एवढ्याने दोलन उशिरा शमेल, पण वाढणार नाही. हिचचा गोळा जमिनीत रोवल्यासारखा घट्ट असता, तर कोणताही ट्रेलर उशिरा का होईना शांत झाला असता. पण गोळा ट्रकच्या शेपटीला असतो आणि ट्रकही हलतो. ट्रेलर गोळ्याला डावीकडे ढकलतो, ट्रकची शेपटी डावीकडे जाते, तोंड उजवीकडे वळतं, ट्रक त्या दिशेला निघतो, आणि हे सगळं किंचित उशिरा होतं. त्या उशिरामुळे पुढच्या फेरीला ट्रेलरला आणखी एक धक्का मिळतो. एका ठरावीक वेगाच्या वर हे धक्के अवमंदनाला भारी पडतात आणि दोन-चार हेलकाव्यांत गाडी आडवी होते.

मग गोळ्यावर आडवा धक्का बसूच नये असं करता येईल का? बऱ्याच अंशी येतं! क्रिकेटच्या बॅटवर चेंडू एका विशिष्ट जागी बसला तर मुठीला झटका जाणवत नाही. खाली-वर लागला की हात झिणझिणतात. भौतिकशास्त्रात त्या जागेला आघात केंद्र म्हणतात. ट्रेलरमध्ये मूठ म्हणजे हिच, आणि चेंडूचा मार म्हणजे ट्रेलरच्या टायरवर रस्त्याचं आडवं बळ. ट्रेलरचा आस बरोबर आघात केंद्रावर असेल, तर टायरने दिलेला धक्का हिचपर्यंत पोचत नाही. ही जागा गुरुत्वमध्याच्या मागे असते. किती मागे, याचं सूत्र सुटसुटीत आहे: वस्तुमान गुरुत्वमध्यापासून सरासरी किती लांब पसरलंय, त्या अंतराचा वर्ग भागिले हिच ते गुरुत्वमध्य अंतर. (सरासरीही वर्गांची घ्यायची, पण त्यात अडकू नका.)

आपल्या बोटीत गुरुत्वमध्य हिचपासून साडेपाच मीटरवर आणि वजनाचा पसारा 1.8 मीटर धरू. 1.8 चा वर्ग 3.24, त्याला साडेपाचने भागलं की 0.59. म्हणजे आस गुरुत्वमध्याच्या 59 सेंटिमीटर मागे हवा. असं ठेवलं तर तरफेच्या नियमाने हिचवर किती भार येतो? 0.59 भागिले 6.09, म्हणजे जवळजवळ 10 टक्के. 4,300 किलोंचे 420! अमेरिकेत ट्रेलर ओढणारे ‘10 ते 15 टक्के भार हिचवर ठेवा’ हा नियम सांगतात. तो अनुभवातून आलेला आहे, पण या छोट्याशा गणितात तो आपोआप समोर येतो तेव्हा मला अतिशय आनंद होतो. (बोटीच्या ट्रेलरचे काही उत्पादक यापेक्षा कमी टक्के सांगतात; त्यांचं पुस्तक असेल तर त्याचंच ऐकावं.) आता मागच्या टोकाला जड इंजिनं आणि पुढच्या टोकाला खच्चून भरलेल्या पेट्या, असं वजन दोन्हीकडे नेलं, तर पसारा 2.2 मीटर होतो आणि तेच सूत्र जवळपास 14 टक्के मागतं. म्हणजे हिचवर 590 किलो. एकूण वजन किलोभरही न वाढता! म्हणूनच जड सामान नेहमी मधोमध, आसाच्या जवळ ठेवायचं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात कॅराव्हॅनवर (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरावर) प्रयोग झाले, त्यांतही वजन कसं पसरलंय आणि हिचवर किती टेकलंय, याच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या.

हे गणित प्रत्यक्षात तंतोतंत जुळत नाही, थोडा धक्का उरतोच. तो पचवायला ट्रक कसा हवा ते आता सरळ दिसतं. वजनदार, म्हणजे शेपटी सहज ढकलली जाणार नाही. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त आणि हिच मागच्या आसाच्या शक्य तितका जवळ. टायरच्या भिंती कडक. हाफ-टन पिकअपमध्ये चाकांतलं अंतर साधारण 3.7 मीटर असतं. त्याच्या वरच्या, थ्री-क्वार्टर-टन वर्गात ते बऱ्याचदा 4 मीटरच्या पुढे जातं, ट्रकचं स्वतःचं वजन तीन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं आणि पेलोडही बराच जास्त मिळतो. सव्वाचार टनांच्या बोटीला मी याच वर्गातला ट्रक सुचवेन, हाफ-टनमधलं सर्वांत ताकदवान इंजिन समोर ठेवलं तरी.

इंजिनाचं काम चढावर लागतं. 6 टक्के चढावर 7 टन ताशी 90 ने न्यायला फक्त चढण्यासाठी सुमारे 140 हॉर्सपॉवर लागतात. पूर्वी प्रत्येक कंपनी टोइंग क्षमता स्वतःच्या पद्धतीने ठरवायची. आता ‘J2807’ नावाचं सामायिक मानक आहे. त्यात ऍरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक घाट, भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. त्यामुळे आजचे छापील आकडे बरेच विश्वासार्ह आहेत. पण तोच घाट उतरताना ते 140 हॉर्सपॉवर ब्रेक आणि इंजिनाला गिळावे लागतात, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडतो, खाऱ्या पाण्यातही, म्हणून त्याला बहुधा सर्ज ब्रेक असतात: ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे हायड्रॉलिक ब्रेक दाबले जातात. यात विजेची गरज नाही, पण एक उणीव आहे. ट्रेलर डोलायला लागला तर उत्तम उपाय म्हणजे ऍक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणं. सर्ज ब्रेक असे वेगळे लावता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या बोटीला विजेने नियंत्रित हायड्रॉलिक ब्रेक आणि ट्रकमध्ये त्यांचा कंट्रोलर, हा खर्च मी टाळणार नाही.

नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि बॉनेटला लिंबू-मिरची बांधायची, हे आपली माणसं तिकडेही करतात. लिंबाने ट्रेलरचा गुरुत्वमध्य सरकत नाही. मुलंबाळं मागच्या सीटवर असताना भरवसा ठेवायचा तो वजनकाट्यावर.

असे काटे अमेरिकेत हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर असतात. बोटीची टाकी भरून, सगळी माणसं बसवून, बोट जोडून जायचं. आधी फक्त ट्रकची चाकं काट्यावर घेऊन वजन करायचं, मग ट्रेलर सोडून ट्रकचं पुन्हा करायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. तो कमी निघाला, तर बोटीचं नाक जिथे टेकतं तो विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब बोल्ट सैल करून ट्रेलरवर पुढे सरकवता येतो आणि बोट त्याच्यामागोमाग पुढे घेता येते. चार इंचांनीही आकडा बदलतो. बदलल्यावर पुन्हा काट्यावर जायचं, आणि नंतर एकदा बोटीची टाकी रिकामी ठेवूनही. इंधनाचे ते 330 किलो आसाच्या पुढे आहेत की मागे, हे तेव्हा कळतं, आणि तळ्यावरून परतताना ट्रेलर वेगळा का वागतो तेही.