पाइप जळतोय, पण सांगणार कोण?

जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या लाइनवर पाइपाला पिवळट-तपकिरी रेघ आली, की ती आधी दिसते कटरजवळच्या मदतनिसाला. पीव्हीसी साधारण 170 ते 200 अंश सेल्सिअसला वितळवतात. तापमान चढलं किंवा माल डायमध्ये (पाइपाला आकार देणाऱ्या साच्यात) अडकून राहिला, तर तो जळू लागतो. मग हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि माल वितळवून पुढे ढकलणारे स्क्रू-बॅरल गंजतात. लगेच सांगितलं तर थोड्या भंगारावर भागतं. उशीर झाला तर लाइन थांबवून डाय उघडावी लागते. पण सुपरवायझर रोज चारचौघांत त्याचा पाणउतारा करत असेल, तर मदतनीस कशाला सांगेल? आणि ते बघणारे बाकीचेही गप्प बसायला शिकतात. दमदाटीची खरी किंमत इथे मोजावी लागते.

2015 साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका प्रयोगात नवजात अतिदक्षता विभागांतली 24 पथकं होती. सरावासाठीच्या, म्हणजे खऱ्या नव्हे अशा, बाळावर उपचार करताना काही पथकांना एका तज्ज्ञाचे अपमानकारक शेरे ऐकवले गेले. ती पथकं निदानातही मागे पडली आणि हातच्या कामातही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी दिली, मदतही कमी मागितली. शेरे शिवीगाळीचे नव्हते, साधे उद्धट होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून चुकांच्या वहीत नोंदी कमी दिसल्या, तर मालकांनी खूश होऊ नये. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात चांगल्या पथकांच्याच नोंदलेल्या चुका जास्त आढळल्या. तिथे चूक सांगायची भीती नव्हती. वही कोरी आणि भंगार मात्र वाढतंय, त्यात एकाच पाळीतले खाडे आणि बदलीचे अर्ज, असं दिसलं तर त्या पाळीकडे नीट बघा.

एकदा रागावणं म्हणजे छळ नव्हे. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी कसोटी ठेवली होती: आठवड्याला किमान एकदा, किमान सहा महिने. मालकाने मात्र सहा महिने वाट बघत बसू नये.

ज्याला त्रास होतोय त्याने तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं आणि कामावर काय परिणाम झाला, हे त्याच दिवशी लिहावं. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे आणि 10 किंवा अधिक कामगार असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे; इतर दमदाटीसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे या नोंदीच कामी येतात. चौकशीत साक्षीदारांना एकेकटं बोलवावं, तेही त्या सुपरवायझरच्या हाताखालच्या माणसाकरवी नव्हे. तोवर पाळी बदलायचीच झाली, तर सुपरवायझरची बदलावी, तक्रार करणाऱ्याची नको.