खवटपणा

खवटपणा : तेल, तूप, लोणी, खोबरे, शेंगदाणे, पिठे, मांस-मासे यांतील स्निग्ध भागात साठवणीत किंवा स्वयंपाकात होणारा रासायनिक बिघाड. त्याने वास उग्र होतो आणि चव कडसर, घशाशी खवखवणारी लागते. ‘खवट’ हे विशेषण मराठीत मुख्यतः खोबऱ्या-दाण्यांना लागते. लोणी ‘वास मारते’, बाजरीचे पीठ ‘कडू होते’, तळणीचे तेल ‘जळते’. या सगळ्यांच्या मुळाशी बिघाड मात्र मोजक्या दोन प्रकारांचाच असतो.

खाण्यातली स्निग्धता म्हणजे बव्हंशी ट्रायग्लिसराइडे, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन वसाम्ले (फॅटी ॲसिडे). ती बिघडायला वाटा दोन, एक पाण्याची आणि दुसरी हवेची. कुठला पदार्थ कुठल्या वाटेने बिघडतो हे कळले की घरोघरच्या पुष्कळ सवयींचा अर्थ लागतो.

पाण्याच्या वाटेने ट्रायग्लिसराइड फुटते आणि वसाम्ले सुटी होतात. हे काम नुसत्या पाण्याने फार सावकाश होते, पण लायपेज नावाचे एंझाइम सोबतीला असले की झपाट्याने होते. लोणी याचे ठळक उदाहरण. त्यात पाण्याचा अंश १६ टक्क्यांच्या आसपास, घरच्या लोण्यात त्याहूनही जास्त, आणि दुधातल्या स्निग्धांशात ब्युटिरिक हे आखूड साखळीचे, उडून जाणारे वसाम्ल. ते बांधलेले असते तोवर वास येत नाही. सुटले की फ्रीजचे दार उघडताच कळते. खोबऱ्यातली वसाम्ले सुमारे ९० टक्के संपृक्त (साखळीत दुहेरी बंध नसलेली) असल्याने हवेचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. पण सुके खोबरे नीट वाळलेले नसेल आणि त्यावर बुरशी आली तर लॉरिक अम्ल सुटे होते व चव साबणासारखी लागते. हा नुसता भास म्हणता येणार नाही, कारण साबण म्हणजे तरी अशाच वसाम्लांचे क्षार.

बाजरीचे पीठ हे महाराष्ट्राच्या ओळखीचे उदाहरण. बाजरीत स्निग्धांश सुमारे ५ टक्के, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून अधिक, आणि तो बराचसा दाण्याच्या अंकुरात असतो. दाणा अखंड असतो तोवर स्निग्धांश आणि लायपेज आपापल्या जागी राहतात, म्हणून बाजरी पोत्यात महिनोन्‌महिने टिकते. गिरणीत दोन्ही एकत्र कालवले जातात आणि त्याच घटकेपासून पीठ उतरणीला लागते. उन्हाळ्यात आठवडाभरात भाकरी कडू लागू शकते. बाजरी दोन-चार दिवसांपुरतीच दळून आणायची, ही चाल आली ती यातूनच. धान्य दळण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात धरून वाळवले की लायपेज निकामी होते आणि पीठ बरेच जास्त टिकते. चकलीची भाजणी कच्च्या पिठापेक्षा टिकते त्यात हाच भाग आहे.

दुसरी वाट हवेची, म्हणजे ऑक्सिडीकरणाची, आणि ती जास्त गुंतागुंतीची. असंपृक्त वसाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात. त्यांच्या शेजारचा हायड्रोजनचा अणू निघाला की मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे चटकन क्रिया करणारा अस्थिर रेणू, तयार होतो; तो हवेतला ऑक्सिजन घेतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, आणि मग त्या शेजाऱ्याची पाळी. अशी साखळी सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पुढे ढकलते. सुरुवातीला तेलातली ई जीवनसत्त्वाच्या कुळातली टोकोफेरॉले मुक्त मूलकांना अडवतात, त्यामुळे कितीतरी दिवस काहीच घडत नाही असे वाटते. ती संपली की बिघाड एकदम उसळतो. आधी तयार होणाऱ्या हायड्रोपेरॉक्साइडांना वास नसतो. ती फुटून हेक्झॅनालसारखी अल्डिहाइडे होतात तेव्हा नाकाला पत्ता लागतो. म्हणजे नाक उशिरा बोलते. प्रयोगशाळेत ही पेरॉक्साइडे मोजून काढलेला पेरॉक्साइड मूल्यांकही फसवू शकतो, कारण तो आधी चढतो आणि पेरॉक्साइडे फुटू लागली की उतरतो. पार बिघडलेल्या तेलाचा आकडा त्यामुळे साळसूद दिसू शकतो.

दुहेरी बंध जितके जास्त तितकी ही साखळी वेगवान. एक बंध असलेल्या ओलेइक अम्लापेक्षा दोन बंधांचे लिनोलीक अम्ल दहापटीहून अधिक वेगाने ऑक्सिजन घेते, तीन बंधांचे लिनोलेनिक त्याहूनही वेगाने. म्हणून जवसाचे तेल सर्वांत नाजूक. नेहमीच्या वाणाचे करडईचे तेल, ज्यात लिनोलीक अम्ल सुमारे तीन-चतुर्थांश असते, त्याच्या मागोमाग, आणि शेंगदाण्याचे बऱ्यापैकी सोशिक. तिळाचे तेल मात्र या हिशेबात बसत नाही. त्यात लिनोलीक अम्ल भरपूर, तरी ते टिकते, कारण त्यातल्या सेसमोलिन या द्रव्यापासून उष्णतेने सेसमोल हा जोरकस ऑक्सिडीकरणरोधक तयार होतो.

उजेड आणि धातू ही साखळी पेटवतात. तेलात हरितद्रव्याचा अंश असेल तर प्रकाश त्याच्यामार्फत ऑक्सिजनला फार आक्रमक रूप देतो. दुकानाच्या फळीवर ऊन खात उभी असलेली पारदर्शक बाटली ही तेलाची सर्वांत वाईट जागा. तांबे तर अत्यल्प प्रमाणातही घातक. कल्हईचा मुख्य हेतू आंबट पदार्थ कळकू नयेत हा. पण ती तांब्या-पितळेपासून तेला-तुपालाही दूर ठेवते. चिनी मातीच्या बरणीत हवा सोडून बाकी दोन्ही शत्रूंना मज्जाव असतो. हवेचा बंदोबस्त लोणच्यात वर तेलाचा थर ठेवून होतो, पण तिथे तेल फोडींची राखण करते, तेलाची राखण कोणी करत नाही.

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी उरतो तेव्हा हे सगळे एका मुठीत दिसते. पोहे अजून कुरकुरीत असतात, डाळे ठीक असते, पण तळलेल्या खोबऱ्याचा काप दाताखाली आला की तोंड वाकडे होते, आणि मागोमाग एखादा दाणा. पोह्यांत स्वतःची स्निग्धता नगण्य. खोबरे आणि दाणे म्हणजे निम्मी स्निग्धताच, शिवाय भाजण्या-तळण्याने त्यांच्या पेशी फुटून ती उघडी पडलेली. दाण्याचे कूट दाण्यांआधी खवटते तेही यामुळेच.

लोणी कढवून तूप करणे हा पाण्याच्या वाटेवरचा सर्वांत हुशार तोडगा म्हणावा लागेल. सुमारे ११०-१२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना पाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली येते, एंझाइमे मरतात आणि प्रथिने तळाशी बसून तांबूस बेरी होते. आता जीवाणूंना ओल नाही, लायपेज नाही. उरली फक्त हवा. बेरीतली फॉस्फोलिपिडे आणि भाजण्यातून आलेली द्रव्ये ऑक्सिडीकरण रोखायला मदत करतात, म्हणून फिकट कढवलेल्या तुपापेक्षा खमंग कढवलेले तूप जास्त टिकते. कढवताना विड्याचे पान टाकण्याची घरगुती रीत दुग्धशास्त्रज्ञांनी तपासली आहे; पानातली फिनॉल द्रव्ये तुपाची टिकाऊ मुदत खरोखरच वाढवतात. पान वासासाठी टाकतात असे आजी सांगते, तेही खोटे नाही.

तुपावरून कोलेस्टेरॉलकडे वळावे लागते, कारण या विषयात गैरसमज तिथेच जास्त. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांतच लक्षणीय प्रमाणात असते. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ लिहिणे. दुसरे, ते शिजवून जळून जात नाही. त्याचा वितळबिंदू १४८ अंशांच्या आसपास, आणि स्वयंपाकाच्या तापमानाला ते बहुतांशी जागच्या जागी राहते. मांस शिजले की पाणी आटते, म्हणून १०० ग्रॅममागे कोलेस्टेरॉलचा आकडा उलट वाढतो. रश्श्यावरचा तवंग काढून टाकला तर चरबी नक्की कमी होते, कोलेस्टेरॉल फारसे नाही. ते पेशींच्या आवरणात असल्याने फोडीतच राहते. चरबीविरहित मटणात कोलेस्टेरॉल जवळपास तितकेच निघते तेही याच कारणाने.

उष्णता आणि हवा कोलेस्टेरॉल नाहीसे करत नाहीत, त्याचे रूप बदलतात. ऑक्सिडीकरण होऊन त्यापासून ७-किटोकोलेस्टेरॉलसारखी संयुगे बनतात आणि ती धमन्यांच्या आतल्या पेशींना मूळ कोलेस्टेरॉलपेक्षा अपायकारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसते. १९८७ मध्ये मार्क जेकबसन या संशोधकांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की तपासलेल्या तुपातल्या स्टेरॉलांपैकी (कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या द्रव्यांपैकी) सुमारे १२ टक्के अशी ऑक्सिडीकृत होती, ताज्या लोण्यात ती आढळली नाहीत, आणि परदेशी स्थायिक भारतीयांतील हृदयविकाराच्या न उलगडलेल्या प्रमाणामागे हे एक कारण असू शकेल. पुढे भारतीय दुग्धशास्त्रज्ञांना ताज्या कढवलेल्या तुपात ती संयुगे सापडली नाहीत. तेच तूप वारंवार तापवल्यावर मात्र सापडली. भातावरची चमचाभर तुपाची धार आणि तळणीच्या कढईत दिवसभर तापणारे तूप यांना एकाच मापाने मोजणे तेव्हाही बरोबर नव्हते. ‘तूप घातक’ ही घोषणा मूळ शोधनिबंधातल्या ‘असू शकेल’ला गिळून पुढे गेली.

ही संयुगे साठवणीतही वाढतात. अंड्याची भुकटी, दुधाची भुकटी आणि वाळवलेले मासे ही त्यांची परिचित ठिकाणे. कोकणच्या किनाऱ्यावर उन्हात पसरलेली सुकट किंवा खारवलेला बांगडा यांना एकाच वेळी ऊन, हवा आणि मीठ मिळते. त्यात बांगडा तेलकट आणि त्याची वसाम्ले अनेक दुहेरी बंधांची. जुन्या खाऱ्या बांगड्याच्या पोटाकडचा पिवळट-तांबूस रंग म्हणजे ऑक्सिडीकृत तेल. फ्रीझरमध्येही ही क्रिया थांबत नाही, मंदावते. उणे १८ अंशांला जीवाणू गप्प होतात, मुक्त मूलक मात्र गप्प बसत नाहीत. खिमा अखंड तुकड्यापेक्षा लवकर बिघडतो, कारण दळताना हवा आणि स्नायूंतले लोह सगळीकडे पोचते. शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेले मांस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरम केले की येणारा शिळकट वास याच लोहाच्या करणीचा. टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली.

तळणीत दोन्ही वाटा एकत्र येतात. वड्यातले पाणी वाफ होऊन निघताना तेल फोडते, वरून हवा लागते आणि १७०-१९० अंशांची उष्णता दोन्हींना वेग देते. सुटी वसाम्ले वाढली की धूर कमी तापमानाला निघू लागतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल बिघडताना वाढणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढे ते तेल खाद्य उरत नाही. गाडीवर ते मोजण्याचे यंत्र नसते, पण वडा टाकल्यावर बुडबुडे झटकन फुटण्याऐवजी बारीक फेस कढईभर रेंगाळला तर तेल गेले असे समजावे. काळ्या तेलात रोज ताज्याची भर घालण्याने नवे तेल बिघडते, जुने सुधारत नाही. ट्रान्स वसाम्लांचे खापर घरच्या तळणीवर फोडले जाते, ते मात्र फारसे खरे नाही. ती मुख्यतः वनस्पती तुपासाठी तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना होतात, आणि जानेवारी २०२२ पासून त्यांची कायदेशीर मर्यादा २ टक्के आहे.

तळून झाल्यावर कढईच्या कडेला जो पिवळा चिकट थर बसतो आणि घासणीलाही दाद देत नाही, तो तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन झालेला असतो. जवसाचे तेल हेच काम साध्या हवेत करते. म्हणून ते तैलरंगांत घालतात आणि क्रिकेटच्या बॅटीला चोळतात.