पक्षी नुसते बघून मेंदूत काय होतं?

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'रोज पक्षी बघा, डिमेन्शिया पळवा', खाली हात जोडलेले इमोजी. एकदम गॅरंटीच! वैताग येतो अशाने, कारण यातली खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे.

मेंदूच्या तळाशी फ्युजिफॉर्म गायरस नावाची एक वळी असते. 1997 मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन) वापरून दाखवलं की तिच्यातला एक छोटा भाग, बहुतेकांमध्ये उजवीकडचा जास्त, चेहरा दिसला की जोरात कामाला लागतो. एफएफए (फ्युजिफॉर्म फेस एरिया) म्हणतात त्याला. चेहरा आपण नाक अधिक डोळे अधिक हनुवटी अशी बेरीज करून ओळखत नाही, मधल्या अंतरांसकट सगळा एकदम उचलतो, म्हणून तर फोटो उलटा धरला की रोजच्या ओळखीतला माणूससुद्धा पटकन कळत नाही.

मग 2000 साली इझाबेल गॉतिए आणि मंडळींनी मुरलेले बर्डर्स (पक्षी बघणारे) आणि गाड्यांचे दर्दी स्कॅनरमध्ये घातले. बर्डर्सचा हाच चेहऱ्यांचा भाग पक्ष्यांच्या फोटोंना जास्त रिस्पॉन्स देत होता, गाडीवाल्यांचा गाड्यांना! मला हे अजिबात विचित्र वाटत नाही, जुन्या बर्डरला विचारा शिक्रा कशावरून ओळखला, तो आधी 'शिक्राच आहे' म्हणतो आणि छातीवरचे पट्टे वगैरे कारणं नंतर जुळवतो. 1963 ची एक मेडिकल केसपण आहे, चेहरे ओळखता येईनासे झालेल्या एका पेशंटची. पक्षी बघायचा छंद होता, तर चेहऱ्यांबरोबर पक्षीही ओळखता येईनात.

हा भाग चेहऱ्यांचाच, असं मानणारे कॅनविशरबाईंच्या बाजूचे लोक मात्र अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, आवडीची गोष्ट दिसली की लक्ष जास्त जातं आणि सिग्नल वाढतो, एवढंच. शिवाय एफएमआरआय न्यूरॉनचं (मेंदूच्या पेशींचं) काम थेट मोजतच नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतं, तोही काही मिलिमीटरच्या ठोकळ्यांत (व्हॉक्सेल), आणि एका ठोकळ्यात लाखो न्यूरॉन, त्यामुळे चेहरेवाले आणि पक्षीवाले न्यूरॉन वेगवेगळे पण शेजारी असले तरी स्कॅनमध्ये एकच डाग दिसणार.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग, 2005 चा, जेम्स टनाका आणि सहकाऱ्यांचा. साध्याच लोकांना घुबडं आणि पाणथळीतले लांब पायांचे पक्षी सारख्याच प्रमाणात दाखवले. अर्ध्यांनी घुबडांच्या जाती वेगळ्या ओळखायच्या आणि लांब पायांच्या पक्ष्यांना नुसतं 'पाणपक्षी' म्हणायचं, उरलेल्या लोकांनी उलट. बघणं सारखंच, पण बारीक फरक कळायला लागले ते जातीने ओळखलेल्या पक्ष्यांमधले, आणि त्यातल्या आधी न दाखवलेल्या जातींमधलेसुद्धा! म्हणजे थंडीत येणाऱ्या, सगळ्या सारख्याच हिरवट दिसणाऱ्या पर्णवटवट्यांवर डोकं आपटणं फुकट नाही. आणि 'भारद्वाज दिसला, दिवस चांगला जाणार' म्हणून हात जोडून निघून गेलात तर मेंदूला काही काम पडत नाही, दिवसाचं काय ते दिवस बघेल.

डिमेन्शियाचं मात्र यातून काहीच सिद्ध होत नाही. 2004 मध्ये जर्मनीत लोकांना तीन महिने जगलिंग शिकवलं तेव्हा मेंदूचा हालचाल टिपणारा भाग थोडा वाढलेला दिसला, सराव सोडल्यावर परत कमी झाला, म्हणजे वाढ टिकतेच असं नाही. आणि मेंदू तल्लख करतो सांगणाऱ्या ल्युमोसिटी अॅपवाल्यांना तर 2016 मध्ये अमेरिकेत अशाच दाव्यांपायी 20 लाख डॉलर भरावे लागले.

हल्ली मर्लिन नावाचं अॅप पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचं नाव सांगतं, मस्तच आहे, मीपण वापरतो. फक्त आधी स्वतः अंदाज करायचा आणि मग स्क्रीन बघायची.