उंबराचं फूल बघायचंय?

‘अंजीर मांसाहारी असतं, त्यात कीटक मेलेला असतो’ असा एक व्हिडिओ सोसायटीतल्या दहावीच्या मुलीनं मला गेटपाशी दाखवला. तिच्या पाठीमागेच अंजिराचा भाऊबंद उंबर होता, बुंध्याला फळं लगडलेली. हे कुठलं झाड, ते तिला सांगता येईना. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच शाळांत पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. तिला ओझोनचा थर आणि ॲमेझॉनचं जंगल पाठ आहे. डोळ्यांसमोरची झाडं अशी न दिसण्याला वँडर्सी आणि शुसलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ मध्ये ‘वनस्पती-अंधत्व’ म्हटलं.

मी रंग पालटू लागलेलं एक उंबर तोडून फोडलं.

‘शी, किडे!’

ही केंबरं. ‘उंबरं फोडून केंबरं काढणे’ म्हणतात, ती. गांधीलमाशीच्या गणातली, जेमतेम दोन मिलिमीटरची. उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. फुलं सगळी आतल्या भिंतीला. फळ कोवळं असताना टोकाच्या बारीक छिद्रातून मादी आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटतात. येताना आणलेले पराग ती फुलांवर घालते आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांड्यातून, नळी खुपसून अंडी घालते. आखूड कुक्षीवृंताच्या फुलांत नळी बीजांडापर्यंत पोचते, तिथे फुलाची गाठ होऊन आत अळी वाढते. लांब कुक्षीवृंताच्या फुलांत पोचत नाही, तिथे बी धरतं. मादी आतच मरते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, गाठींत बसलेल्या माद्यांशी तिथेच मीलन करतात, सालीला भोक पाडतात आणि मरतात. नेमके तेव्हाच नरफुलांचे पराग पिकतात. ते घेऊन नव्या माद्या उडतात. सहा कोटींहून जास्त वर्षं हा व्यवहार चालू आहे.

मध्यरात्री उंबराचं फूल दिसलं की धनलाभ होतो, हे खोटं आहे. भर दुपारी शेकडो फुलं तिच्या तळहातावर होती. व्हिडिओही अर्धवट. आपल्याकडचं पुरंदरचं अंजीर परागीभवनाशिवायच धरतं, त्याला कीटक लागतच नाही.

एक केंबरं तिच्या नखावर चढलं.

‘ही आता जाणार कुठे?’

दुसऱ्या उंबराकडे, कोवळी फळं असलेल्या. हाताशी वेळ एक-दोन दिवसांचा. एका झाडाची फळं साधारण एकदमच पिकतात, म्हणून आपल्याच झाडावर परतून भागत नाही.

संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. चौकातल्या दत्तमंदिरामागचा उंबर, फळं वाटाण्याएवढी, हिरवीगार.