ऋषिकेशचे राफ्टिंग: वाद तंबूंचा, बंदी होड्यांवर

गंगापूर धरणाचा विसर्ग किती हजार क्युसेक, हे पावसाळ्यात नाशिकचे शाळकरी पोरही सांगते. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की अर्धे शहर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी. तरी राफ्टिंगसाठी इथल्या तरुणांना ऋषिकेश किंवा रायगडातले कोलाड गाठावे लागते. गोदावरीचा खडा उतार ब्रह्मगिरीपाशीच संपतो, पुढे ती पठारावरची नदी. सोमेश्वरचा धबधबा सोडला तर शहराजवळ पात्र फारसे कोसळत नाही, आणि पूर बघता बघता ओसरतो. राफ्टिंगला पूर नको असतो, उतारावरचे भरवशाचे पाणी हवे असते.

या खेळाचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. १८६९ मध्ये एक हात युद्धात गमावलेला अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ लाकडी होड्या घेऊन कोलोरॅडोच्या घळईतून गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जादा झालेल्या रबरी होड्या बाजारात आल्या आणि साहसाचा धंदा झाला. गंगेवर १९७७ मध्ये एव्हरेस्टवीरांची एक मोहीम जेट बोटींनी सागरापासून उलटी वर चढत गेली, नंदप्रयागजवळ धबधब्याने अडवली. ऐंशीच्या दशकात कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात राफ्ट दिसू लागल्या. ‘द वॉल’ हा तिथला दादा रॅपिड, म्हणजे खवळत्या पाण्याचा टप्पा. प्रवाह कड्यावर आदळून उलटा येतो, आणि गाईडचा ‘फॉरवर्ड’ कानावर पडेपर्यंत राफ्ट फ्लिप, म्हणजे उलटी झालेली असते.

गंगेवरचा सगळ्यात वादग्रस्त निर्णय २०१८ चा, राफ्टिंगबंदीचा. त्याची सुरुवात काठावरच्या वाळूत झाली होती. राफ्टिंगच्या जोडीने तंबू आले, तंबूंमागे शेकोट्या, तात्पुरते संडास, दारू. डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने या पट्ट्यातल्या वाळूवर तंबू ठोकायला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गंगेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो स्थगित केला. मग जून २०१८ मध्ये, नदीकाठच्या जागा कॅम्पवाल्यांना देण्याविरुद्धच्या याचिकेवर, त्याच उच्च न्यायालयाने सरकारला दोन आठवड्यांत धोरण करायला सांगितले आणि तोवर राफ्टिंग, पॅराग्लायडिंगसकट सगळे बंद ठेवले. राफ्टिंगचे नियम २०१४ पासून कागदावर होतेच. ते पाळतो कोण, हा प्रश्न होता.

सुरक्षेबद्दल न्यायालयाचे म्हणणे खोटे नव्हते. हंगामाच्या गर्दीत राफ्टमध्ये माणसे कोंबली जात, गाईड कच्चे असत. पण याचिकेतली मूळ तक्रार काठाची होती आणि घरी बसले ते होडी चालवणारे. त्यात जून संपताना गंगेवरचा हंगाम पावसामुळे एरवीही थांबतो. म्हणजे आदेशाचा गाजावाजा झाला तेवढा पाण्यावर फरक पडला नाही. धोरणानंतर राफ्ट पुन्हा उतरल्या. काठावर काय चालावे, हा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

कोलाडची गोष्ट वेगळी, आणि आपल्याला जास्त कळणारी. तिथल्या कुंडलिका नदीत रोज सकाळी येणारे पाणी मुळशीच्या धरणातले. १९२१ मध्ये त्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले. एरवी भीमेला मिळणारे मुळा नदीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले गेले. टर्बाइनमधून सुटलेल्या त्याच पाण्यावर आज राफ्ट चालतात. जायकवाडीच्या पाण्यावरून तंडणाऱ्या नाशिककराला एकाच्या वाट्याचे पाणी दुसऱ्याकडे गेले की काय होते, हे वेगळे सांगायला नको. रॅपिड तिथे अवघडपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडचे, ‘द वॉल’च्या पासंगालाही न पुरणारे. पण जुलै-ऑगस्टमध्ये ऋषिकेश बंद असताना कोलाड भर पावसात सुरू असते, फक्त वीजघरातून त्या सकाळी पाणी सुटलेले हवे.